आधी घट बसवू द्या

दसऱ्याआधी मुलांकडून शेतकऱ्याला 'धन्यवाद'ची कार्डं करून घ्यावीत, ही तुमची कल्पना मला आवडली. पण कार्डाआधी घट बसवू द्या. इथे कोल्हापुरात आम्ही वर्गातच पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरली. पोरांनी गहू, जोंधळा, हरभरा पेरला, पाणी घालायच्या पाळ्या लावल्या. पिवळसर कोंब वर आले त्या दिवशी एक पोरगी मातीला हात लावून पाया पडली. कुणी सांगितलं नव्हतं!

मग इतिहास सांगा. पाऊस सरला, खरीप हाताशी आला की पूर्वी शेतकरीच शिपाई होऊन मोहिमेवर निघत, तेच शिलंगण. आणि जमलं तर पोरांना संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला न्याच, टोपीत घटातले कोंब खोवून.