पाच पानी बॅकस्टोरी वाचणार कोण?

खडूस_डीएम
परवा इथे कुणीतरी डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, फासे टाकत आपापलं पात्र वठवायच्या खेळांसाठी "अविस्मरणीय पात्र कसं घडवावं" अशी पोस्ट टाकली आणि तिच्यावर लाइक्सचा पाऊस पडला. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: पहिल्या सेशनच्या (खेळायच्या बैठकीच्या) आधी किमान पाच पानांची बॅकस्टोरी (पात्राची पूर्वकथा) लिहा, तिच्यात घरच्यांचा दारुण अंत हवा, पार्टीला (साथीदार पात्रांना) कधीही न सांगायचं एक गुपित हवं, बोलायची वेगळी ढब हवी आणि अधूनमधून फेकायला एक ठरलेला डायलॉग हवा. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

पाच खेळाडूंची पंचवीस पानं वाचायची कुणी? त्यातल्या चौघांचे आईबाप ड्रॅगनने जाळलेले. पहिल्या लेव्हलचा, अगदी नवखा विझार्ड, अंगात जेमतेम सात हिट पॉइंट्स (संपले की आडवा), आणि म्हणे ह्याने तीन राज्यांची सैन्यं एकट्याने परतवली. मग पहिल्याच जंगलात गॉब्लिनचा एक बाण लागतो आणि साहेब आडवे. आणि पार्टीला कधीच सांगायचं नसेल तर ते गुपित कुणासाठी? कागदासाठी?

आमच्या टेबलावर आजही ज्याची आठवण निघते तो एक फायटर होता. शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) बॅकस्टोरीच्या जागी दोनच शब्द: "कर्जात बुडालेला". दार उघडायच्या आधी दर वेळी हा गडी कमरेची थैली सोडून क्लेरिकच्या (पार्टीतल्या पुजारणीच्या) हातात द्यायचा आणि म्हणायचा, "मेलो तर सावकाराला पोचव." पुढे एका खाणीत छत कोसळलं. क्लेरिक बेशुद्ध, थैली हातातून सुटून घरंगळत कडेला. एका फेरीत एकच काहीतरी उचलता येणार होतं. त्याने क्लेरिकला उचललं, आणि ती शुद्धीवर आल्यावर तिलाच शिव्या घातल्या. तेव्हापासून सावकाराची माणसं अख्ख्या पार्टीच्या मागे. ह्यातलं काय आधी लिहून ठेवता आलं असतं?

शाईचा डाग
ती लाइक्सवाली पोस्ट माझी नाही, पण लाइक करणाऱ्यांत मी आहे, त्यामुळे बोलते.

एक, तुमच्या फायटरकडे ठरलेला डायलॉग होताच की. दर दारापाशी एकच वाक्य. दोन, बॅकस्टोरी डीएमसाठी (खेळ चालवणाऱ्यासाठी) नसते, खेळणाऱ्यासाठी असते. माझं पात्र कुणाला घाबरतं, कुणासमोर खोटं बोलणार नाही, हे मला लिहिता लिहिता कळतं. काहींना खेळता खेळता कळतं, त्यांनी तसं करावं.

आणि तीन, जे डीएम पाच पानांना नाकं मुरडतात, तेच पहिल्या सेशनला स्वतःच्या जगाचा हजार वर्षांचा इतिहास वाचून दाखवतात. तेव्हा आम्ही माना डोलवत ऐकतो ना? मी एका डीएमला मोजून एक पान दिलं होतं. हरवलेला भाऊ, शेवटचा दिसला ते बंदर, त्याच्याकडची तुटकी शिट्टी. कॅम्पेन (अनेक सेशनांची अख्खी कथा) संपेपर्यंत ना भाऊ आला, ना बंदर, ना शिट्टी. शेवटी विचारलं तर म्हणे, "अगं, ते पीडीएफ उघडायचं राहिलं."

जुनं हाड
दोघंही चुकताय. पात्र ना लिहून होतं, ना अभिनयाने. पात्र म्हणजे जे जिवंत उरतं ते.

१९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ताकद, बुद्धी असे सहा गुण ठरवायला तीन फासे, सहा वेळा, पडतील त्याच क्रमाने. ताकद पाच आली तर पाच. ट्रॅव्हलर ह्या खेळात (१९७७) तर शीट पुरी व्हायच्या आत पात्र मरायचं. पात्राच्या पूर्वायुष्यातली चार वर्षांची नोकरी आणखी एकदा घ्यायची हाव धरली आणि जगण्याचा फासा चुकला, की कागद टाकून द्या. डंजन क्रॉल क्लासिक्स हा खेळ खेळणारे आजही प्रत्येकाच्या हातात तीन-चार फाटके शेतकरी देतात, तळघरात ढकलतात, आणि जो जिवंत वर येईल तो तुमचा नायक. त्याला ढब शिकवावी लागत नाही.

खरा रोग आहे पॉइंट बाय, म्हणजे फासे न टाकता ठरावीक गुणांतून आकडे विकत घेणं. सगळे एकाच साच्यातले: मुख्य गुण पंधरा, नको तिथे आठ. चेहरा कुठून येणार?

बेरीजवजाबाकी
आलं. कुठलाही धागा असो, हाडकाका फाशांवर आणणारच.

तीन फाशांवर अठरा पडायची शक्यता २१६ मध्ये एक. चार टाकून सगळ्यात लहान काढला तर १२९६ मध्ये २१, आणि सरासरी बाराच्या थोडी वर. फासे न टाकता घ्यायचा ठरीव संच १५, १४, १३, १२, १०, ८, म्हणजे बेरीज ७२. चार फाशांच्या पद्धतीने सहा आकड्यांची बेरीज सरासरी साधारण ७३. एवढ्याशा फरकासाठी तुम्ही एकाला दोन अठरा देता आणि दुसऱ्याचा सगळ्यात मोठा आकडा तेरा. फासा टाकला की अठरावाल्याला वर अधिक चार मिळतात, तेरावाल्याला अधिक एक. वीस बाजूंच्या फाशावर तीनचा फरक म्हणजे दर वेळी पंधरा टक्के. वन-शॉटमध्ये (एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळात) गंमत आहे. वर्षभराच्या कॅम्पेनमध्ये तो तेरावाला कधी येणं बंद करतो ते कळतही नाही.

हे अनुभवाने सांगतोय. तेरावाला मी होतो. आणि अठरावाल्याने फासे घरी टाकले होते.

जुनं हाड
म्हणजे राग फाशांवर नाही, त्या माणसावर आहे. त्याची वसुली आमच्याकडून कशाला?

बेरीजवजाबाकी
घरी टाकलेल्या फाशांना साक्षीदार कोण? मांजर? तुमची पद्धत फसवायला सोपी आहे, एवढंच म्हणतोय.

जुनं हाड
आणि तुमच्या पद्धतीत फसवायची गरजच नाही, कारण सगळे आधीच सारखे. माझ्याकडे बुद्धी सहाचा एक पॅलाडिन (धर्मयोद्धा) होता. निवडून कुणी घेतला असता का तो? कोडं आलं की दाराला नमस्कार करायचा आणि "उघडा, मी चांगला माणूस आहे" म्हणायचा. लोक आजही त्याचं नाव काढतात.

बेरीजवजाबाकी
बुद्धी आठ घेऊनही हेच करता आलं असतं. दोन आकड्यांनी नमस्कार बदलत नाही.

तात्पुरता बार्ड
अवांतर बास करा राव, धागा पात्रांवर आहे.

माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आवडणार नाही. पात्र लक्षात राहतं ते नाही म्हणण्याची किंमत पडते तेव्हा. पेंड्रॅगन ह्या खेळात (१९८५) ह्याची सोय नियमांतच आहे. स्वभावाच्या तेरा जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया चौदा तर क्रूरता सहा. मोक्याच्या वेळी जीएम (तिथला डीएम) त्यावर फासा टाकायला लावतो, आणि शरण आलेल्या शत्रूसमोर तुमच्या दयाळू सरदाराचा फासा फिरला, की निस्तरा. उलट डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत शीटवर लकब, आदर्श, बंध, दोष अशा चार चौकटी दिल्या, आणि त्या भरायला तक्ते. पहिल्या सेशननंतर त्या कुणी वाचल्या असतील तर हात वर करा. २०२४ च्या नियमांत बॅकग्राउंडमधले (पात्राच्या पूर्वायुष्याच्या पर्यायांतले) ते तक्ते गेले तेव्हा कुणी रडलंही नाही.

जाता जाता: "माझं पात्र असंच वागणार" म्हणत साथीदारांचेच खिसे कापणारे जे एकलकोंडे "रोग" (rogue, चोर-पात्रं) असतात, त्यांच्यामुळे मी दोन ग्रुप सोडलेत. पाच पानी पूर्वकथा बहुतेक वेळा ह्याच मंडळींकडे असते.

शाईचा डाग
हा कमरेखालचा वार झाला. खिसे कापणारा एका ओळीच्या बॅकस्टोरीनेही खिसे कापतो. आणि हाडकाका, ट्रॅव्हलरमधली ती नोकरी, जखमा, बढत्या, ह्याला बॅकस्टोरीच म्हणतात. फक्त फाशांनी लिहिलेली.

खडूस_डीएम
"पीडीएफ उघडायचं राहिलं" ह्या एका डीएमचं पाप आम्हा सगळ्यांच्या माथी मारू नका. मी वाचतो. वाचूनच वैतागलोय.

शाईचा डाग
ह्याच वैतागाने वाचत असाल तर खेळाडूंना ते जाणवतही असेल. मग शीटवर दोनच शब्द येतात. बिचाऱ्याने कर्जाचं लिहिलं हेच खूप.

खडूस_डीएम
मला न ओळखता माझ्या टेबलावर घसरलात. चालू द्या.

पडद्यामागे
भांडण थांबवायला आलेलो नाही, पण एक गोष्ट कुणीच बोलेना. खडूसराव, आईबाप जळलेले का असतात माहितीये? आपण डीएम लोकांनीच शिकवलंय. खेळाडूने धाकटी बहीण लिहिली की चार सेशनांत तिचं अपहरण. गुरू लिहिला की गुरूचा मुडदा. हुशार माणूस दुसऱ्या कॅम्पेनला अनाथ होऊनच येतो, ओलीस ठेवायला कुणी शिल्लकच नाही.

मी आता पानं मागत नाही. दोन जिवंत माणसांची नावं मागतो आणि तोंडाने कबूल करतो की त्यांना मारणार नाही. एकीने आई लिहिली. ती आई फक्त पत्रं पाठवते, आणि प्रत्येक पत्रात पार्टीतल्या वॉर्लॉकची (मांत्रिकाची) चौकशी असते, तो नीट झोपतो का म्हणून. वॉर्लॉकवाला पोरगा एरवी टेबलावर तोंड उघडत नाही. त्या आईला तो स्वतःहून उत्तरं लिहितो, कागदावर, सेशन नसताना.

शाईचा डाग
हे मान्य. असे डीएम असतील तर मीही पाच पानं लिहिणार नाही.

खडूस_डीएम
आईची युक्ती चोरतोय. पण ती बॅकस्टोरी नाही, एक नाव आहे फक्त. माझाच मुद्दा.

शाईचा डाग
असो. तुमचाच मुद्दा. एक पान तरी वाचाल?

खडूस_डीएम
अर्धं. एका बाजूने लिहिलेलं. ड्रॅगन दिसला की पुढचं वाचणार नाही.

जुनं हाड
आणि फासे सगळ्यांसमोर, टेबलावर.

बेरीजवजाबाकी
समोर टाकले तरी तेरा तो तेराच, काका.