मदत हवी आहे : लिनक्स सर्व्हर सांभाळायचं काम मुळापासून शिकायचंय

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहते, हिंजवडीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. आता सर्व्हरच्या कामाकडे वळायचंय. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) रॉकी लिनक्स टाकलंय. युजर, परवानग्या, सर्व्हिस चालू-बंद करणं एवढं जमतं.

गाडी अडते ती पुढे. परवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावला, होम फोल्डरमधली फाइल एमव्ही कमांडने वेबच्या फोल्डरमध्ये हलवली, तर ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे परवानगी नाकारल्याची एरर. परवानग्या ठीक, फायरवॉलमध्ये ८० पोर्ट उघडा. बरीच शोधाशोध केल्यावर कळलं, की फाइल हलवली तरी तिच्यावरचं एसईलिनक्सचं (लिनक्समधली जादाची सुरक्षा व्यवस्था) लेबल जुनंच राहतं. लेबल जागेप्रमाणे ठीक करणारी रिस्टोअरकॉन कमांड चालवली आणि पान उघडलं! यूट्यूबवर बरेच जण सरळ एसईलिनक्सच बंद करायला सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. उद्या खऱ्या सर्व्हरवर असं कसं चालेल?

आरएचसीएसए ही रेड हॅट कंपनीची लिनक्स सर्व्हर सांभाळण्याची परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक असते, म्हणून ती द्यायचा विचार आहे. डेक्कन, शिवाजीनगर, कर्वे रोड या भागात लॅबवर खरंच हात बसवून घेणारा क्लास कुणी स्वतः केलाय का? शनिवार-रविवारची बॅच असेल तर फारच छान. नुसत्या स्लाइड दाखवणारे नकोत.

आणखी एक. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं), एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करणं), बॅकअप घेऊन तो परत उतरवून बघणं, हे सगळं आधी हाताने पक्कं करू, की ही कामं आपोआप करून देणाऱ्या अ‍ॅन्सिबलला लगेच हात घालू? या कामात असलेल्या ताई-दादांनी प्लीज सांगा. रात्रपाळीची माझी तयारी आहे.