पुरण रवाळ राहतंय आणि कटाला दाटपणा नाही, डाळीचं काय चुकतंय?

पेठेतून_वाघोलीत:
होळी आठ दिवसांवर आली म्हणून आत्ताच विचारते. दिवाळीनंतर आम्ही नारायण पेठेतून वाघोलीला राहायला आलो. पेठेतल्या घरी पंचवीस वर्षं पुरण घातलं, कधी बिघडलं नाही. इथे दोनदा घातलं, दोन्ही वेळा फसलं. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ बोटांत दाबली की मधला कण टचटचीत लागतो. पुरणयंत्राचा दांडा फिरता फिरेना, आणि लाटताना ते कण कणकेतून बाहेर येऊन पोळी फुटते. कट म्हणजे नुसतं पिवळं पाणी. आमटीला गोड्या मसाल्याचीच चव, डाळीची नाहीच.

प्रमाण तेच आहे: 2 वाट्या हरभरा डाळ, 2 वाट्या गूळ, डाळ तीन तास भिजवलेली. दुसऱ्यांदा मुद्दाम भवानी पेठेतून नवी डाळ आणली, तरी तेच. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत, त्यांना पोळीपेक्षा कटाची आमटी प्रिय. गेल्या वेळी त्यांनी अर्धी वाटी तशीच ठेवली, बोलल्या काही नाहीत. मला फार लागलं ते.

खमंग_फोडणी:
डाळ शिजताना चिमूटभर खायचा सोडा घालून बघा.

आमसूल:
सोडा नको हो. डाळ मऊ होते, पण कटाला साबणासारखी चव येते आणि आमटीची वाट लागते. ताई, गूळ कधी घालता? डाळ पुरती शिजायच्या आत गूळ पडला तर मग ती शिजत नाही. आणि गूळ साधाच घ्या, चिक्कीचा घेतला तर पुरण गार झाल्यावर चिवट होतं.

पेठेतून_वाघोलीत:
गूळ कट काढल्यावरच घालते, आणि साधाच.

तिसरा_मजला:
पाणी कुठलं वापरता?

पेठेतून_वाघोलीत:
सोसायटीत बोअर आणि टँकर. नळाच्या तोट्यांवर पांढरा थर धरतो, दर महिन्याला लिंबाने घासते.

तिसरा_मजला:
मग तुमचा हात चुकलेला नाही, पाणी जड आहे. पेठेत तुम्हाला खडकवासल्याचं धरणाचं पाणी होतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम जास्त असतं, ते डाळीच्या गरात बसतं आणि दाणा फुटू देत नाही. दाणा फुटला नाही की त्याचा गर पाण्यात उतरत नाही, म्हणून कटही पाणचट. आम्ही खराडीला आलो तेव्हा माझ्या आईच्या राजम्याचं हेच झालं होतं.

पिण्याच्या मशीनचं आरओचं पाणी घ्या, भिजवायलासुद्धा. हे विसरू नका, भिजतानाच डाळ ते कॅल्शियम ओढून घेते. कटासाठी वाटीला चार वाट्या पाणी, थोडी हळद, चमचाभर तेल. कट निथळल्यावर दोन डाव शिजलेली डाळ घोटून त्यातच परत घाला.

आमसूल:
पटलं. आमटीसाठी सुकं खोबरं थेट गॅसवर धरा, कडा काळ्या होऊन तेल सुटेपर्यंत. मग जिऱ्याबरोबर वाटा. चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला घालून मंद आचेवर वीस मिनिटं तरी उकळू द्या.

पेठेतून_वाघोलीत:
काल होळी झाली. आदल्या रात्रीच आरओचं पाणी दोन पातेल्यांत भरून ठेवलं होतं. खात्री करायची म्हणून मूठभर डाळ बोअरच्या पाण्यात वेगळी भिजवली आणि त्याच कुकरात वरच्या डब्यात ठेवली. चार शिट्ट्या. खालची डाळ बोटांत धरली तर लोण्यासारखी, वरच्या डब्यातली तशीच टचटचीत. ओट्यापाशी दोन्ही हातांत दोन दाणे धरून मी किती वेळ उभी होते!

पुरणयंत्र एका दमात फिरलं. परतताना डाव मधोमध उभा राहिला. कट इतका दाट निघाला की घोटलेली डाळ एकच डाव लागली. सासूबाईंनी पोळी बाजूला सारून आधी आमटीची वाटी तोंडाला लावली, त्यांचा भुरका मला स्वयंपाकघरात ऐकू आला. तिसरा मजला, आमसूल, मनापासून आभार. आता छोले भिजत घातलेत, त्याच पाण्यात.