मदत हवी आहे: घरामागच्या अंगणात पक्ष्यांसाठी मोठं जाळीघर बांधायचंय

मूळ प्रश्न (धागाकर्ती: पिसारा; पुढे प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

नमस्कार मंडळी,

घरामागे कुंपणाच्या भिंतीला लागून साधारण १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद जागा रिकामी आहे. तिथे पक्ष्यांना खरोखर उडता येईल असं जाळीघर बांधायचं पक्कं केलंय. सध्या घरात बजींचा (बजरीगर, छोटे पोपट) थवा, एक कॉकाटीलची (तुरेवाले पोपट, बजींपेक्षा मोठे) जोडी आणि एक लव्हबर्डची (आखूड शेपटीचे छोटे पोपट) जोडी आहे, सगळी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत. पिंजरे तसे बरे आहेत, पण कॉकाटीलने पंख उघडले की टोकं दोन्हीकडच्या जाळीला घासतात, आणि नराच्या शेपटीची पिसं कायम कुरतडल्यासारखी झिजलेली. ते बघवत नाही.

वेल्डर माप घेऊन गेला. त्याचा बेत असा: लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, वर पूर्ण पत्रा, चारही बाजूंनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी आणि खाली आहे तीच माती. "पक्षीच ठेवायचेत ना, वाघ थोडाच ठेवायचाय?" असं वर ऐकवून गेला. मला ते पटत नाहीये, पण उलट सांगायला माझ्याकडे मुद्दे नाहीत.

मुख्य काळजी मांजरांची आणि उंदीर-घुशींची. भिंतीवर एक बोका रोज संध्याकाळी पहारा देतो. जाळी कोणती घ्यावी? खाली फरशी-कोबा करावा की माती ठेवावी? पत्रा पूर्ण टाकला तर आत भट्टी होईल का? आणि तीनही प्रकारचे पक्षी एकत्र सोडले तर चालेल का? एवढी जागा आहे, भांडणार नाहीत असं घरच्यांचं म्हणणं.

सांगाडा उभा राहायच्या आत कळलं तर बरं.

जुना खोपा

ताई, वेल्डरला आधी थांबवा. षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. तार बारीक असते, घूस ती दातांनी तोडते, आणि घाबरलेला बजी त्या भोकात डोकं घालून अडकतो.

चौकोनी वेल्डेड जाळी घ्या, अर्धा इंच बाय अर्धा इंच, १६ गेज. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे दुकानात उलटं समजून लोक फसतात. बजी किंवा फिंचसारख्या चिमुकल्या पक्ष्यांना १९ गेज चालून जाते, पण कॉकाटील आणि लव्हबर्डच्या चोचीपुढे १६ च घ्यावी. जाळी सांगाड्याच्या आतल्या बाजूने लावा. नाहीतर पक्षी पाइपवरचा रंग सोलत बसतात. रंग शिसेविरहित आहे ना, तेही डबा वाचून बघा.

अर्ध्या इंचातून मोठी घूस येत नाही, पण तिची अगदी लहान पिल्लं आणि घरातले छोटे उंदीर येतात. उंदराला पाव इंचापेक्षा जराशी मोठी फट पुरते. म्हणून खालच्या दोन-अडीच फुटांना बाहेरून पाव इंची जाळीचा आणखी एक पट्टा मारायचा. सगळीकडे पाव इंची लावू नका, आतलं काही दिसत नाही आणि वारा अडतो.

आता यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जी वेल्डर सांगणार नाही. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीच्या तारेवर जस्ताचा थर असतो. हात फिरवून बघा, सांध्यांवर जस्ताचे वाळलेले थेंब आणि बारीक कुसळं लागतील. पोपटवर्गातले पक्षी जाळीवर चोचीने चढतात, ते थेंब उकरून गिळतात आणि त्यांना जस्ताची विषबाधा होते. पक्षी मलूल, पिसं फुगवून बसलेला, उलटी, हिरवट पातळ विष्ठा, खूप तहान, ही लक्षणं दिसली तर पक्ष्यांचा डॉक्टर गाठायचा, घरगुती उपाय करायचे नाहीत. टाळायला सोपं आहे: जाळी उलगडून पांढरा व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासायची, भरपूर पाण्याने धुवायची आणि काही आठवडे उन्हापावसात पडू द्यायची. कापलेल्या कडा कानशीने घासून पट्टीखाली दाबायच्या. स्टेनलेस स्टीलची जाळी परवडत असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो.

कोबा

वर जाळीचं सगळं आलंच आहे, मी खालचं सांगतो.

माती नको. दिसायला छान, पण बजी आणि कॉकाटील सांडलेलं धान्य टिपायला सारखे खाली उतरतात. ओल्या मातीत विष्ठा मुरते, जंतांची अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि एकदा लागण झाली की माती धुता येत नाही. कोबा करा, एका कोपऱ्याकडे उतार द्या, पाणी जायच्या तोंडाशी जाळी बसवा. ही जाळी विसरलात तर वरची सगळी मेहनत फुकट, घूस तिथूनच येते.

कोबा करायचाच नसेल तर निदान सांगाड्याच्या कडेने फूटभर खोल चर खणून जाळी पुरा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला फूटभर दुमडा. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटून उकरतो, जाळी लागते, थोडं मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही.

आणि खाणं रात्रभर आत ठेवू नका. उंदीर पक्ष्यांसाठी येत नाहीत, धान्यासाठी येतात. पक्षी नंतर सापडतात. ताट साखळीने टांगा, खाली मोठी परात ठेवा, संध्याकाळी दोन्ही बाहेर काढा.

पिसारा

दोघांचेही खूप आभार. जस्ताचं तर अजिबात माहीत नव्हतं. वेल्डरला फोन केला, "जाळी घासायची म्हणजे काय भांडी आहेत का" म्हणाला, पण चौकोनी जाळीला तयार झाला आहे.

बोक्याचं काय पण? तो जाळीवर चढतो. आणि एकत्र ठेवण्याबद्दल कोणी बोललंच नाही.

शीळ

एकत्र ठेवण्याबद्दल मी बोलते. लव्हबर्ड नको. जागा कितीही असो. त्यांची चोच त्यांच्या आकाराच्या मानाने फार जबर असते आणि सवय अशी की शेजारी बसलेल्या पक्ष्याच्या पायाचं बोट पकडायचं. बजीचं बोट एका चाव्यात जातं. त्यांच्यासाठी त्याच सांगाड्यात एका टोकाला ३ फुटांचा वेगळा कप्पा काढा, पण मधली जाळी दुहेरी हवी, दोन थरांत दोन इंचांचं अंतर सोडून. एकेरी जाळी असली तर ते पलीकडून लोंबकळणाऱ्यांचीही बोटं धरतात.

बजी आणि कॉकाटील जमतं, पण लोक समजतात तसं मोठा पक्षी लहानाला त्रास देत नाही, उलटं होतं. कॉकाटील स्वभावाने भिडस्त. बजी त्याच्या शेपटीशी खेळतात, खाण्यावरून हुसकावतात. खाण्याच्या आणि पाण्याच्या जागा लांब लांब दोन-तीन ठेवा, म्हणजे कोणी दादागिरी करू शकत नाही. पिल्लं नको असतील तर मडकी, खोके काहीच टांगू नका. घरट्याच्या जागेसाठी बजीच्या माद्या रक्त निघेपर्यंत भांडतात. पिल्लं हवीच असतील तर जोड्यांपेक्षा जास्त मडकी आणि सगळी एकाच उंचीवर. एक जरी वर टांगलं तरी सगळ्यांना तेच हवं असतं.

बोक्यासाठीही उत्तर दुहेरी जाळीच. पक्षी रात्री जाळीला लटकून झोपतात आणि मांजर बाहेरून पंजा मारतं. नुसता ओरखडा असला तरी गंभीर समजा, मांजराच्या तोंडातले आणि नखांवरचे जंतू पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारतात. लगेच डॉक्टरांकडे न्यायचं, जखम छोटी दिसते म्हणून वाट बघायची नाही. भिंतीकडच्या आणि छताच्या उघड्या भागाला तरी दुसरा थर माराच. ससाणे, शिक्रे, घुबडं वरूनच येतात.

जुना खोपा

शीळताईंशी बाकी सहमत, पण कॉकाटीलबाबत एक भर. ही जात रात्री अचानक दचकते आणि अंधारात आपटत सुटते. बोका जाळीवर चढला तर हमखास होणार. मंद दिवा रात्रभर ठेवा, म्हणजे निदान बसायची फांदी तरी दिसेल. दुहेरी जाळीने पंजा अडतो, बोक्याचं दर्शन अडत नाही. म्हणून झोपायचा भाग तिन्ही बाजूंनी बंद करा, हे मी जाळीच्या दुसऱ्या थराइतकंच महत्त्वाचं मानतो.

शीळ

बरोबर. मात्र बंद भाग उघड्या भागापेक्षा उंच आणि उजेडाचा हवा. पक्षी रात्री सगळ्यांत उंच जागा शोधतात. आडोसा खाली आणि काळोखा केला तर ते पावसात भिजतील पण आत जाणार नाहीत.

पत्र्यावरचं ऊन

छताचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. पूर्ण पत्रा नको. अर्धा भाग पक्का झाकून अर्धा जाळीचा ठेवा. सकाळचं कोवळं ऊन अंगावर पडायलाच हवं, ड जीवनसत्त्व त्यातूनच तयार होतं आणि काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही. म्हणून उघडा भाग पूर्वेकडे आणि बंद बाजू पावसाच्या वाऱ्याकडे. दाणे, पाणी आणि बसायच्या फांद्या झाकलेल्या भागाखाली ठेवा, कारण रानातल्या पक्ष्यांची विष्ठा वरून पडते आणि त्यातून रोग येतात.

पत्रा तापू नये म्हणून त्याखाली थर्माकोल चिकटवायची कल्पना वेल्डर हमखास सुचवेल. नाही म्हणा. पक्षी तो कुरतडतात, आणि पत्रा व थर्माकोल यांच्या फटीत मुंग्या, पाली, उंदीर असा पूर्ण मोहल्ला वसतो. त्यापेक्षा पत्र्याच्या वर चार-सहा इंच अंतर सोडून हिरवी शेडनेट ताणा, मधून हवा खेळते. पक्ष्यांना घाम येत नाही, चोच उघडी ठेवून पंख अंगापासून सुटे धरले की समजायचं उकडतंय.

पिसारा

वा, नकाशाच बदलला. लव्हबर्डसाठी वेगळा कप्पा, कोबा, अर्धं छत. शेवटचे दोन प्रश्न: दार कसं असावं आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना एकदम सोडू का?

कोबा

दारं दोन. मध्ये तुम्ही पाण्याची बादली घेऊन उभ्या राहाल एवढी जागा, म्हणजे एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. यासाठी उड्डाणाची जागा खाऊ नका, सांगाड्याबाहेर छोटी पडवी काढा. आतलं दार आत उघडणारं आणि बुटकं, साडेचार फुटांचं. दचकलेला पक्षी वर उडतो, त्यामुळे वाकून जायच्या दारातून सहसा निसटत नाही. दाराला स्प्रिंग लावा. कडी नुसती ओढायची नको, कॉकाटील आणि लव्हबर्ड ती उचलायला शिकतात. कुलूप किंवा गिर्यारोहणातला हूक घाला.

फांद्यांबद्दल: एकसारखे गुळगुळीत दांडे नकोत, त्याने तळव्यांना फोड येतात. पेरूच्या जाड-बारीक सालीसकट फांद्या लावा, दोन टोकांना, मध्ये उडायला लांबी मोकळी. कण्हेर आणि अ‍ॅव्होकॅडो अजिबात नको, विषारी आहेत.

शीळ

सोडायचं असं करा. आधी त्यांचे पिंजरे बंद स्थितीत आतच नेऊन ठेवा, काही दिवस जागा बघू द्या. मग सकाळी दार उघडा, संध्याकाळी नाही, म्हणजे दाणे, पाणी आणि झोपायची जागा शोधायला पूर्ण दिवस मिळतो. उघड्या बाजूंच्या जाळीला पानांच्या डहाळ्या किंवा कापडाच्या पट्ट्या बांधून ठेवा, नवखे पक्षी वेगात येऊन जाळीवर आदळतात. बजी आधी सोडू नका, कॉकाटीलना दोन-तीन दिवस जागा आपली करू द्या. आणि पुढे कधी नवा पक्षी आणलात तर निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत, त्याचं दाणापाणी सगळ्यांत शेवटी करायचं, हात धुऊन.

पिसारा

जाळी उद्या येतेय. व्हिनेगरचा कॅन आणून ठेवलाय. पाव इंची पट्टा भिंतीकडच्या बाजूलाही लागेल का, की भिंत आहे म्हणून सोडून देऊ?

जुना खोपा

लावा. भिंत आणि सांगाडा यांच्यामधली फट हाच घुशींचा रस्ता असतो. जमलं तर सांगाडा भिंतीपासून दोन फूट सुटा उभा करा, झाडू फिरवता येईल आणि बोक्याची उडीही छतावर थेट पडणार नाही. १२ बाय ६ मधून तेवढं गेलं तर रुंदी द्या, लांबी देऊ नका. हे पक्षी आडवे उडतात.