भाकरीतली कर्बोदके कशी मोजावीत आणि इन्सुलिनचा डोस कसा ठरवावा?

कृष्णाकाठ (प्रश्न):
माझ्या 12 वर्षांच्या मुलीला टाइप 1 मधुमेह आहे. ती रात्री एकदा बेसल (दिवसभर हळूहळू काम करणारे) आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारे इन्सुलिन घेते. दिवसाचे मिळून सुमारे 32 युनिट होतात. डॉक्टरांनी 15 ग्रॅम कर्बोदकांना 1 युनिट हे प्रमाण दिले आहे आणि शुगर 120 च्या वर गेल्यास दर 55 मागे 1 युनिट वाढवायला सांगितले आहे. तक्त्यात पोळीचे 15 ग्रॅम दिले आहेत, म्हणून मी भाकरीचेही तेवढेच धरते. परवा भाकरी, पिठले आणि थोडा भात जेवून दोन तास झाल्यावर शुगर 246 आली, म्हणून मी हिशेबाने आणखी 2 युनिट दिले. रात्री एक वाजता मुलगी घामाने भिजून उठली तेव्हा मीटरवर 58 होते. माझे नेमके कुठे चुकते?

परातवाली:
तुमचा भागाकार बरोबर आहे, चुकली आहे ती भाकरी. तक्त्यातली पोळी म्हणजे 20-25 ग्रॅम कणकेचा लहानसा फुलका असतो, तर आपली ज्वारीची भाकरी सहज 60 ग्रॅम पिठाची होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे तुमच्या एका भाकरीत 41 ग्रॅम गेले. भाजलेली भाकरी मात्र तोलू नका, कारण तिच्यात पाणी किती उरले हे तव्यावर ठरते. परातीत कोरडे पीठ घेतानाच काट्यावर घ्या. पिठल्यातले बेसनही मोजा, आपण ते उगाच भाजीत धरतो.

बावीस वर्षे पेन:
वरचे उत्तर योग्य आहे, पण 58 येण्याचे कारण वेगळे आहे. जेवणाआधीचे इन्सुलिन साधारण चार तास काम करते, त्यामुळे दोन तासांनी 246 दिसले तेव्हा आधीच्या डोसाचा बराच भाग अजून शरीरात शिल्लक होता आणि तुम्ही तो न वजा करता दुरुस्तीचा (वाढलेली शुगर उतरवण्याचा) पूर्ण डोस दिलात. मी स्वतः या चुकीने दोनदा बेशुद्ध पडलो आहे, म्हणून जरा कडक लिहितो: चार तासांच्या आत, त्यातही झोपण्यापूर्वी, दुसरा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. शुगर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. प्रमाण बदलायचे असेल तर आधी वजन केलेल्या जेवणाच्या नोंदी तीन-चार दिवस ठेवून त्या डॉक्टरांना दाखवा. सकाळी बहुतेकांना तेवढ्याच कर्बोदकांना जास्त इन्सुलिन लागते, त्यामुळे नाश्त्याची नोंद वेगळी ठेवा.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. आठ दिवस पीठ तोलून केले. काल रात्री जेवणानंतर चार तासांनी 134 आली आणि वेगळी दुरुस्ती लागली नाही. सासूबाईंना आधी काट्याचा राग आला होता, आता त्याच नातीची भाकरी 45 ग्रॅम पिठाची थापतात, म्हणजे तिला भाकरीपुरते बरोबर 2 युनिट पुरतात.