मदत हवी आहे: अप्पांना रानपिंगळा दाखवायचा आहे, तोरणमाळचा एक दिवस कसा आखू?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. माझे अप्पा एसटीत वाहक होते आणि १९९७ साली त्यांची ड्यूटी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघा पक्षीअभ्यासकांना शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा, म्हणजे पिंगळ्यासारखंच छोटं रानातलं घुबड, दिसला. त्याआधीचा संग्रहालयातला शेवटचा खरा नमुना १८८४ चा, म्हणजे मधली ११३ वर्षं हा पक्षी संपला असंच धरून चालले होते. अप्पांनी तेव्हाचं पेपरातलं कात्रण जपून ठेवलंय, पोथीच्या पानांत. "मी रोज त्याच रस्त्याने तिकिटं फाडत जायचो आणि तो तिथेच बसलेला असणार," हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

आता ते ६८ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर पक्ष्यांचा नाद लागला. रोज सकाळी गच्चीवर दुर्बीण घेऊन बसतात, समोरच्या निंबाच्या ढोलीतली पिंगळ्याची जोडी त्यांना घरच्या माणसांसारखी झालीय. पण रानपिंगळा अजून पाहिलेला नाही. येत्या जानेवारीत त्यांना घेऊन जायचं ठरवलंय.

अडचण अशी की गुडघे दुखतात. सपाटीवर चार-पाच किलोमीटर आरामात चालतात, उतारावर मात्र हात धरावा लागतो. तोरणमाळ हे शहाद्याच्या वरचं थंड हवेचं ठिकाण ११०० मीटरच्या वर आहे. तिथे यशवंत तलावापासून सीताखाईकडे चालत गेलं तर पुरे, की पक्ष्यासाठी वेगळीकडे जावं लागेल? वर मुक्काम करायचा नाही, रात्री घरी परतायचंय.

दुसरं म्हणजे, पिंगळा आणि रानपिंगळा लांबून वेगळे कसे ओळखायचे? चुकीचा पक्षी पाहून अप्पांनी समाधान मानू नये असं मनापासून वाटतं.

आणि तिसरं, जे मला जास्त टोचतंय. ओळखीतून एका माणसाशी फोनवर बोलले. तो म्हणाला, मोबाईलवर रानपिंगळ्याचा आवाज लावला की दहा मिनिटांत समोर येतो, काळजी करू नका. मी तेव्हा "बरं" म्हणून फोन ठेवला, पण मन मानत नाही. हे चालतं का? आणि तसं न करता तो दिसायचा असेल तर नेमकं कुठे उभं राहायचं, हेही कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद, तळोद्याहून:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. आवाज लावू देऊ नका, त्या माणसाला स्पष्ट नाही म्हणा. रानपिंगळ्याचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तो ढोली धरून बसलेला असणार. आवाज ऐकला की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं त्याला वाटतं. शिकार, ढोलीची राखण सगळं सोडून तो उत्तर द्यायला येतो. एका माणसाने एकदा केलं तर ठीक म्हणाल, पण दर रविवारी चार गाड्या आल्या तर? हा पक्षी साऱ्या जगात फक्त भारतातच आहे. आधी तो अतिसंकटग्रस्त गणला जायचा, २०१८ पासून संकटग्रस्त म्हणतात. परिस्थिती थोडी बरी, एवढंच.

त्याच कारणाने झाड किंवा जागा मी इथे लिहिणार नाही. राग मानू नका. घुबडांना अंधश्रद्धेपायी मारणारे लोक अजून आहेत आणि इथलं कुणीही वाचू शकतं.

पण आवाजाची गरजही नाही. रानपिंगळा दिवसा जागा असतो. थंडीत सकाळी ऊन अंगावर घेत उघड्या फांदीवर बसलेला सापडतो, आणि जानेवारीच्या शेवटी सागाची पानं गळायला लागली की जंगल मोकळं होतं. म्हणून संक्रांतीनंतर जा, आधी नको.

फक्त तो वरच्या पठारावर शोधू नका. १९९७ ला दिसला तोही पायथ्याच्या विरळ, कोरड्या पानगळीच्या रानात. म्हसावद सोडून राणीपूरच्या बाजूने रस्ता जंगलात शिरतो. तिथे सकाळी रस्त्याच्या कडेकडेने हळू चाला, अप्पांच्या गुडघ्यांनाही ते सोपं. आधी वनखात्याच्या कार्यालयात कळवा आणि पायथ्याच्या गावातला एखादा पावरा किंवा भिल्ल माणूस सोबत घ्या. त्यांची नजर आपल्या दुर्बिणीपेक्षा तेज असते, आणि त्या रोजगाराने रान राखायलाही हातभार लागतो. उन्हं चढली की गाडीने सातपायरी घाट चढून वर जा. तलावाचा काठ बराचसा सपाट आहे. तिथे सर्पगरुड घिरट्या घालताना दिसेल, टोई पोपटांचे थवे दिसतील. स्वेटर विसरू नका, वरची थंडी अमळनेरसारखी नाही.

ओळख: पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात आणि मानेवर पांढरा पट्टा असतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट तपकिरी, ठिपके अगदी पुसट. छाती गडद तपकिरी, त्याखाली पोट पांढरंशुभ्र. शेपटीवर आणि पंखांवर रुंद पांढरे पट्टे. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी भरलेले. बसल्या बसल्या शेपटी झटके देत हलवतो, हे एकदा पाहिलं की विसरत नाही. अप्पा रोज पिंगळा बघतात ना, मग त्यांना फरक तुमच्याआधी कळेल.

प्रतिसाद, रावेरहून:

अप्पांना एक गोष्ट जरूर सांगा. १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खान्देशातूनच रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले होते. पुढे माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने त्यातलाच एक चोरून, १९१४ साली आपण गुजरातेत मांडवीला मिळवला असं खोटं लिहिलं. त्या नोंदीवर विश्वास ठेवून लोक भलतीकडे शोधत राहिले. तो कात्रणातला शोध लागला तोही ही लबाडी उघडी पडल्यामुळे. ज्यांनी शोधलं त्यांनी जुने खरे नमुने तपासले आणि मग सातपुड्याकडे वळले.

तोरणमाळ जमलं नाही तर आमच्या यावल अभयारण्यातही त्याची नोंद आहे. पाल गावापर्यंत गाडी जाते, चढण नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

दोघांचे मनापासून आभार. फोनवरच्या माणसाला आज नाही सांगितलं. तो जरा रागावला, असू दे. जागा न सांगितल्याबद्दल राग तर नाहीच, उलट बरं वाटलं.

हे सगळं रात्री अप्पांना वाचून दाखवलं. लबाडीची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. आवाजाचं ऐकून म्हणाले, "त्याले तरास देईसन नही पाहाना. दिखना ते दिखना."

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी रानात जातोय. आदल्या रात्री शहाद्याला अप्पांच्या जुन्या सोबत्याकडे उतरू, दादर ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेऊ. आता एवढंच सांगा, उजाडायच्या आत राणीपूरला पोहोचायचं तर शहाद्याहून गाडी आदल्या दिवशीच ठरवावी लागेल, की पहाटे स्टँडवर जीप मिळते?