फायरवॉल चालू केली की प्रिंट पण बंद, टॅली पण बंद. मदत हवी आहे, अर्जंट

हळदवाला_सांगली | रात्री ९:१२
कुणी जागं आहे का? घरच्या कॉम्प्युटरवर फायरवॉल (नेटवरनं नको त्याला अडवणारा विंडोजचा राखणदार) ऑन केली की लॅपटॉपवरनं प्रिंट जात नाही आणि हिशोबाचं टॅली पण उघडत नाही, ऑफ केली की सगळं झकास चालतंय. मग ऑफच ठेवू का? पण ऑफ ठेवली की विंडोज सारखं लाल फुली दाखवतंय आणि पोरगा म्हणतो पप्पा हॅक होईल. उद्या सौद्याला जायच्या आधी बिलं काढायची आहेत, त्यामुळं प्लीज लेक्चर नको, काय दाबायचं तेवढं सांगा.

मिरजेचा_तंबोरा | ९:१९
विंडोज १० का ११? प्रिंटर यूएसबीवर का वायफायवर? टॅली कुठल्या मशीनवर टाकलंय? लॅपटॉप वायफायवर आहे का केबलनं? अँटिव्हायरस कुठला?

हळदवाला_सांगली | ९:२३
विंडोज साधीच आहे. प्रिंटर कॉम्प्युटरला. टॅली पण तिथंच, लॅपटॉपवरनं नुसतं उघडायचं. अँटिव्हायरस आहे.

मिरजेचा_तंबोरा | ९:२५
साधी म्हणजे कुठली ओ? विंडोजचं बटण धरून आर दाबा, जी खिडकी येईल तिच्यात इंग्रजीत विनव्हर टाका, एंटर मारा, काय येतंय सांगा.

अजिंक्यतारा_७ | ९:३१
एवढं कशाला डोकं लावताय, ऑफ ठेवा आणि झोपा. राउटर, म्हणजे इंटरनेटचा डबा, असतोच की मधे. बाहेरनं कुणी आपणहून आत यायला लागला तर राउटरला कळतच नाही हे कुणाला द्यायचं, तो तिथंच टाकून देतो. मी साताऱ्यात कितीतरी वर्षं फायरवॉल बंद ठेवून गेम खेळतोय, काय नाय झालं.

वाईची_सून | ९:३८
अजिंक्यतारा, अर्धं बरोबर अर्धं चूक. राउटर बाहेरच्याला अडवतो हे खरं, पण घरातल्या घरात कोण अडवणार? टीव्ही, पोरांचे मोबाईल, वायफायचा कॅमेरा, पाहुण्यांना पासवर्ड दिलेला असतो तो वेगळाच, हे सगळे राउटरच्या आतच बसलेत. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा एक मशीन लागलं की तेच आतल्या बाकीच्या मशीनना ४४५ पोर्टवरनं, म्हणजे फाईल शेअरिंगच्या दारातनं, लागण देत सुटलं होतं. मायक्रोसॉफ्टनं त्याचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी टाकला नाही त्यांची वाट लागली. आणि आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर तुम्ही म्हणताय तो राउटरचा आडोसा नसतो, तिथं राउटरची स्वतःची फायरवॉल चालू आहे का ते बघावं लागतं.

उबंटूवाला_कराड | ९:४४
विंडोज काढून टाका, लिनक्स टाका. फायरवॉल चालू करायला सुडो यूएफडब्ल्यू इनेबल, एक ओळ, विषय संपला. व्हायरस पण कमी, लायसनचे पैसे पण नाहीत.

हळदवाला_सांगली | ९:४६
विनव्हर केलं, १० आहे. लिनक्सवर टॅली चालतं का?

उबंटूवाला_कराड | ९:४९
वाईन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून प्रयत्न करता येतो.

मिरजेचा_तंबोरा | ९:५०
मालकाला उद्या सकाळी बिलं काढायची आहेत आणि हा वाईन टाकतोय.

वाईची_सून | ९:५४
हळदवाले दादा, आधी हे चालत होतं का? चालत होतं तर मधे काय बदललं?

हळदवाला_सांगली | १०:०१
चालत होतं की, दिवाळीपर्यंत व्यवस्थित. काही बदललं नाही. फक्त इंटरनेटवाल्यानं येऊन नवीन डबा बसवला, जुना गरम व्हायचा.

वाईची_सून | १०:०६
हेच आधी सांगायचं ना!! राउटर बदलला की विंडोजला वाटतं हे नवीन नेटवर्क, आणि ओळख नाही म्हणून त्याला पब्लिक धरून टाकतं, म्हणजे स्टँडवरचं फुकटचं वायफाय असावं तसं. पब्लिक असलं की फायरवॉल घरातल्या मशीनला पण दार उघडत नाही, मग फाईल शेअरिंग, प्रिंटर शेअरिंग सगळं बंद. फायरवॉल बिघडलेली नाही, तिला हे तुमचं घर आहे हे कुणी सांगितलंच नाही.
सेटिंग्जमध्ये जा, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं जे कनेक्शन आहे त्याच्या प्रॉपर्टीज, नेटवर्क प्रोफाइल पब्लिक दिसेल ते प्रायव्हेट करा. मग फायरवॉल ऑन करा आणि प्रिंट देऊन बघा.

सांगलीचा_भडंग | १०:०९
वायफाय स्लो असेल तर राउटरमध्ये जाऊन चॅनल बदला, १, ६ नाहीतर ११ ठेवा. आमच्या विश्रामबागेत अपार्टमेंटमध्ये सगळ्यांचे एकाच चॅनलवर होते, बदलल्यावर एकदम फरक पडला.

हळदवाला_सांगली | १०:१७
स्लो नाहीये ओ. ताई, प्रायव्हेट केलं, फायरवॉल ऑन केली, काही फरक नाही. प्रिंट तशीच अडकलीय.

वाईची_सून | १०:१९
कुठल्या मशीनवर केलं?

हळदवाला_सांगली | १०:२०
लॅपटॉपवर. प्रिंट तिथनंच देतोय ना.

वाईची_सून | १०:२४
उलटं झालं. लॅपटॉप मागणारा आहे, मागणाऱ्याला विंडोजची फायरवॉल सहसा अडवत नाही, बाहेर जाणारं सगळं मोकळं असतं. अडवते ती येणाऱ्याला. प्रिंटर आणि टॅली ज्याच्यावर आहे त्या मोठ्या कॉम्प्युटरवर प्रायव्हेट करा. आणि लॅपटॉप परत पब्लिकच करून ठेवा, त्याच्यावरनं कुणाला काही घ्यायचं नाहीये.

मिरजेचा_तंबोरा | १०:२७
मी तर दोन्हीकडं प्रायव्हेटच सांगतो, नाहीतर नेटवर्कमध्ये मशीन दिसत नाही आणि लोक परत इथं येऊन बोंबलतात.

वाईची_सून | १०:३०
प्रिंटर एकदा जोडलेला आहे, दिसायची गरज काय? आणि लॅपटॉप पोरगा बाहेर घेऊन जात असेल तर?

हळदवाला_सांगली | १०:३१
घेऊन जातो. पुण्याला हॉस्टेलवर.

मिरजेचा_तंबोरा | १०:३३
मग राहू दे पब्लिक. प्रत्येक नेटवर्कचं वेगळं लक्षात राहतं तसं, हॉस्टेलचं ते नवीनच धरेल, पण असो.

जुना_नेटकॅफे | १०:४०
तुम्हा पोरांना काय माहीत. २००३ ला ब्लास्टर व्हायरस आला तेव्हा माझा कॅफे होता, गिऱ्हाईक बसलंय, मेल लिहितंय आणि स्क्रीनवर साठ सेकंदांचं काउंटडाउन सुरू, मशीन बंद. परत चालू केलं, नेट लावलं की परत तेच. कुणी काही डाउनलोड केलेलं नव्हतं, नुसतं नेटला जोडलं तरी लागायचा. तेव्हाच्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती पण ती आपणहून चालू करावी लागायची, कोण करतंय. २००४ ला सर्व्हिस पॅक २ आला त्यात मग ती पहिल्यापासून चालू मिळायला लागली. म्हणून बंद ठेवा म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

अजिंक्यतारा_७ | १०:४४
काका तेव्हा डायलअप होतं, मशीन डायरेक्ट नेटवर असायचं. आता राउटर आहे, तेच तर म्हणतोय.

जुना_नेटकॅफे | १०:४६
राउटरचा पासवर्ड बदललायस का कधी?

अजिंक्यतारा_७ | १०:५३
विषय बदलू नका.

हळदवाला_सांगली | १०:५८
प्रिंट गेली!!! फायरवॉल ऑन आहे आणि प्रिंट गेली. ताई लय उपकार. पण टॅली अजून रुसलंय. फोल्डर उघडतोय, डेटा दिसतोय, लायसन नाही म्हणतंय.

मिरजेचा_तंबोरा | ११:०४
आता माझं ऐका. प्रिंट आणि फोल्डर हे फाइल अँड प्रिंटर शेअरिंगमधनं जातं, ते प्रायव्हेट केल्यावर सुटलं. टॅलीचं लायसन दुसरीकडनं जातं, गेटवे सर्व्हर म्हणून त्याची एक सर्व्हिस असते, पोर्ट बहुतेक ठिकाणी ९९९९, टॅलीच्या सेटिंगमध्ये तुमचा आकडा बघून घ्या. मोठ्या कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये फायरवॉल शोधा, अलाव अॅन अॅप म्हणून ओळ दिसेल, चेंज सेटिंग्ज दाबा, टॅली आणि टॅलीचा गेटवे दोन्हीला फक्त प्रायव्हेटची टिक करा. पब्लिकची करू नका. यादीत नसेल तर खाली अलाव अनदर अॅपवरनं टॅलीच्या फोल्डरमधनं निवडा.
कुणी ४४५ किंवा ९९९९ पोर्ट राउटरमध्ये फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरच्यांना उघडा करा, म्हणालं तर अजिबात करू नका, ते म्हणजे घरातलं कपाट रस्त्यावर आणून ठेवणं.

उबंटूवाला_कराड | ११:०६
पिंग करून बघा आधी, कॉम्प्युटर हाकेला ओ देतोय का ते.

वाईची_सून | ११:०८
पिंग लागला नाही म्हणजे मशीन बंद असं नसतं, पिंगला पण फायरवॉलच गप्प बसवते. त्यांना नको त्यात घालू.
दादा एक विचारायचं राहिलं. फायरवॉल इतके दिवस बंद होती ना, मग आजच चालू करायची का आठवली?

हळदवाला_सांगली | ११:१५
दुपारी ब्राउझरमध्ये लाल पान आलं. तुमची फायरवॉल बंद आहे, बँकेची माहिती चोरीला जातेय, ह्या नंबरवर फोन करा. भोंगा पण वाजत होता, बंदच होईना.

वाईची_सून | ११:१६
फोन केला का???

जुना_नेटकॅफे | ११:१६
फोन लावलात का?

हळदवाला_सांगली | ११:२१
नाही. मिसेसनं प्लग काढला.

जुना_नेटकॅफे | ११:२३
वहिनींना आमचा नमस्कार सांगा.

वाईची_सून | ११:२९
बरं केलं. त्या पानाला तुमची फायरवॉल चालू आहे का बंद हे कळायचा काही मार्गच नाही, ती जाहिरात असते, सगळ्यांना तेच दाखवते, तुमची योगायोगानं खरंच बंद निघाली. नंबर लावला की गोड बोलून स्क्रीन बघायचं अॅप टाकायला लावतात, आणि मग फायरवॉल काय करणार, आतून तुम्हीच बोलावलंय. परत आलं तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधनं ब्राउझर बंद करायचा, आणि चालू करताना जुनी पानं उघडू का विचारलं तर नको म्हणायचं. घरात कुणी कधी फसलंच, पैसे गेले, तर १९३० ला लगेच फोन, जेवढ्या लवकर तेवढं चांगलं.

सांगलीचा_भडंग | ११:३३
माझ्या सासऱ्यांना वीजबिलाचा आला होता असा मेसेज, आज रात्री लाईट तोडणार म्हणून. ते म्हणाले तोडा, तशी पण नसतेच.

मिरजेचा_तंबोरा | ११:३६
😂😂
हळदवाले, तो अँटिव्हायरस कुठला ते तुम्ही अजून सांगितलं नाही.

हळदवाला_सांगली | ११:४१
कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानवाल्यानं टाकून दिलेला. मुदत संपली म्हणून रोज बोंबलतोय.

मिरजेचा_तंबोरा | ११:४५
तो काढून टाका. काहींची स्वतःची फायरवॉल असते, मग आपण विंडोजमध्ये टिका मारत बसतो आणि अडवतोय भलताच. काढला की रीस्टार्ट करा, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आपोआप ताबा घेतो, घराला तेवढा पुरे.

अजिंक्यतारा_७ | ११:४७
घराला पुरे पण व्यापाऱ्याला पैसे देऊनच घ्यावा. माझा दाजी विकतो, पाहिजे तर नंबर देतो.

मिरजेचा_तंबोरा | ११:४८
आत्तापर्यंत फायरवॉल पण नको होती याला.

वाईची_सून | ११:५२
आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. अपडेट येत नसतील तर फायरवॉलच्या भरवशावर किती दिवस काढणार. घाई नाही, पण मार्चएंडच्या आधी ११ होतंय का मशीनवर ते बघून घ्या, नसेल होत तर मशीन बदलायला लागेल.

हळदवाला_सांगली | १२:०७
अँटिव्हायरस काढला, रीस्टार्ट केलं, टॅलीचे दोन्ही टिक केले, लायसन आलं. फायरवॉल ऑन आहे. बिलं निघाली. मशीनचं हळदीचा दर बघून ठरवू. सगळ्यांना धन्यवाद, तंबोरा साहेब सांगलीत आलात की मार्केट यार्डात या.

उबंटूवाला_कराड | १२:१०
११ टाकण्यापेक्षा लिनक्सच

कवठे_महांकाळ_एक्सप्रेस | सकाळी ७:३४
माझा पण प्रिंटर चालत नाही, काय करू?

मिरजेचा_तंबोरा | ७:५०
विंडोज कुठली?

कवठे_महांकाळ_एक्सप्रेस | ८:०२
मोबाईलवरनं देतोय.